कंपवात : आधी औषध, मग कारण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मांडीवर ठेवलेला हात आपला आपण थरथरत असतो. तपकिरीची चिमूट मळावी तसा अंगठा तर्जनीवर घासत राहतो. तोच हात पाण्याच्या पेल्याकडे नेला की थरथर क्षणभर थांबते, आणि पाहणाऱ्याला वाटते, मनावर घेतले तर हा माणूस हात स्थिर ठेवू शकेल. चाल आखूड होते, पावले घसटत पडतात, चेहऱ्यावरचे भाव गोठतात. आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात, जगभर पार्किन्सनचा आजार. आणि फार काळ घरोघरी त्याचे निदान दोन शब्दांत होत आले आहे : वय झाले.

वय झाले म्हणजे नेमके काय झाले? शरीरातल्या कोणत्या पेशींचे काय बिघडले? अल्झायमर, हंटिंग्टन, कंपवात अशा झिजेच्या सगळ्याच आजारांपुढे हा प्रश्न आहे. त्यांतल्या कंपवाताचा इतिहास मला आज सांगायचा आहे. एक तर त्याचे काही धागे आपल्या मातीतून गेले आहेत. शिवाय तो उलटा घडला आहे. आधी औषध सापडले, आणि कारणाचा शोध खऱ्या अर्थाने त्यानंतर सुरू झाला. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवले. पाठ्यपुस्तकात या उलट्या क्रमाचा मागमूस नसतो. तिथे आधी कारण, मग रसायन, मग गोळी असा नीटनेटका संसार मांडलेला असतो.

सुरुवात १८१७ सालापासून. लंडनच्या हॉक्स्टन भागात दवाखाना चालवणाऱ्या जेम्स पार्किन्सन यांनी ‘थरथरत्या पक्षाघाता’वर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. रुग्ण किती? अवघे सहा. त्यांतले काही तर त्यांनी केवळ रस्त्यात पाहिलेले. एकाशी चार शब्द बोलले, एकाला दुरूनच न्याहाळले. आज असा निबंध कोणी नियतकालिकाकडे पाठवला तर परतीच्या टपालाने घरी येईल. पण त्या माणसाची नजर अशी, की वाकलेली मान, आपोआप वेग घेणारी पावले, झोपेत थांबणारा कंप हे सगळे त्यांनी टिपले. आजाराचे मूळ मात्र त्यांनी मानेतल्या मज्जारज्जूत कल्पिले. पुढे अर्ध्या शतकाने पॅरिसच्या शार्को यांनी या आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले.

मूळ मेंदूत आहे हे कळायला सूक्ष्मदर्शक आणि पेशींना रंग चढवण्याच्या पद्धती याव्या लागल्या. अलॉइस अल्झायमर यांच्या प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रेडरिक लेवी या तरुण जर्मन डॉक्टरने १९१२ साली कंपवाताच्या मृत रुग्णांच्या मेंदूतील काही पेशींत गोल, घट्ट गोळे पाहिले. सात वर्षांनी, १९१९ मध्ये, पॅरिसमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या कॉन्स्टंटिन त्रेत्याकॉफ या रशियन विद्यार्थ्याने तेच गोळे मेंदूच्या दुसऱ्या एका भागात पाहिले आणि त्यांना ‘लेवीचे पिंड’ असे नाव दिले. तो भाग म्हणजे सबस्टॅन्शिया नायग्रा, सरळ मराठीत काळा भाग. मध्यमेंदू आडवा कापला तर दोन्ही बाजूंना गडद पट्ट्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तिथल्या पेशींत वयाबरोबर काळसर रंगद्रव्य साठत जाते म्हणून त्या काळ्या. कंपवाताच्या रुग्णांत या पट्ट्या फिक्या पडलेल्या असतात, कारण रंग बाळगणाऱ्या पेशीच मेलेल्या असतात.

म्हणजे १९१९ पर्यंत दोन गोष्टी समोर होत्या : कुठल्या पेशी मरतात, आणि मरणाऱ्या पेशींत काय दिसते. तरीही गाडी तिथेच अडली. त्या पेशी करतात काय, हेच कोणाला ठाऊक नव्हते. लेवी स्वतः ज्यू होते. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यावर त्यांना जर्मनी सोडावी लागली, आणि १९५० मध्ये ते अमेरिकेत वारले. आपले नाव मिळालेल्या त्या पिंडांत आहे काय, हे त्यांना कधीच कळले नाही.

यापुढचा धागा पॅरिसहून एकदम आपल्याकडे येतो, तो सर्पगंधेच्या मुळाशी. वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी हे मूळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरले जात होते. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर हे औषध चालते, असा लेख प्रसिद्ध केला. पुढे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तुम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेच्या गोळ्यांची पद्धतशीर चाचणी घेतली, आणि तिचे निष्कर्ष १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापून आले. तिथून जगाचे लक्ष गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल शहरातील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळातून रेसरपिन हे शुद्ध द्रव्य वेगळे केले. १९५४ च्या सुमारास न्यूयॉर्ककडच्या मनोरुग्णालयांत ते सर्रास दिले जाऊ लागले.

रुग्ण शांत झाले, पण त्यांतले काही जरा जास्तच शांत झाले. चेहरा मुखवट्यासारखा, अंग ताठ, हाताला थरथर. हुबेहूब कंपवात! औषध थांबवले की लक्षणे ओसरत. एका मुळातले एक द्रव्य माणसात तात्पुरता कंपवात निर्माण करते, ही वरवर पाहता तक्रार होती. विज्ञानाच्या दृष्टीने ती किल्ली होती.

ती फिरवली स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील आर्विड कार्लसन यांनी. त्यांनी सशांना रेसरपिन टोचले. ससे कान पाडून, अंग टाकून निपचित बसले. मग त्यांना डोपा नावाचे द्रव्य दिले, आणि काही मिनिटांत ससे कान टवकारून हिंडू लागले. हे १९५७ सालचे. रेसरपिनने मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिन रिकामे होते, हे तोवर कळले होते. डोपापासून शरीर शेवटी नॉरॲड्रेनॅलिनच बनवते, म्हणजे तेच भरून आले असणार, असे कोणालाही वाटले असते. पण तपासले तर नॉरॲड्रेनॅलिन रिकामेच होते. भरून आले होते ते डोपामिन. तोवर डोपामिनची किंमत मधल्या स्टेशनासारखी होती. गाडी तिथून जाते, पण उतरत कोणी नाही. आता दिसले, की हे स्टेशनच मुक्कामाचे आहे. लवकरच लुंडमधल्याच बर्टलर आणि रोसेनग्रेन यांनी दाखवले, की मेंदूतील बहुतेक डोपामिन हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या स्ट्रायटम या भागात असते. काळ्या भागातल्या पेशींचे तंतू जाऊन पोचतात ते तिथेच.

१९६० मध्ये लंडनला भरलेल्या एका परिषदेत कार्लसन यांनी हे मांडले, तेव्हा या क्षेत्रातल्या ज्येष्ठांनी फारसे मनावर घेतले नाही. मेंदूत रसायनांमार्फत निरोप जातात ही कल्पनाच तेव्हा पुष्कळांच्या गळी उतरत नव्हती.

गंमत अशी, की डोपा हे द्रव्य तोवर चांगले जुने झाले होते. १९१३ मध्ये बाझलच्याच रोश कंपनीतील मार्कुस गुगेनहाइम यांनी बागेतल्या बाकला घेवड्यापासून ते शुद्ध रूपात काढले होते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे त्यांनी स्वतःच अडीच ग्रॅम गिळून पाहिले, आणि त्यांना सडकून ओकारी झाली. सशांवर काही विशेष परिणाम दिसला नाही, तेव्हा हे द्रव्य निरुपयोगी ठरून बाजूला पडले. १९३७ मध्ये मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी तेच खाजकुइलीच्या बियांतून वेगळे केले. कोकणात ज्याने लहानपण काढले त्याला खाजकुइलीच्या शेंगा ठाऊक आहेत. अंगाला त्यांची कुसे लागली की माणूस नाचतो! त्या शेंगेतल्या बीत हालचाल हरपलेल्या माणसाला चालवणारे द्रव्य असावे, ही गोष्ट कोणी रचून सांगितली असती तर खोटी वाटली असती.

सशांवरून माणसांवर येण्याचे काम व्हिएन्नातील ओलेह हॉर्निकिएविझ यांनी केले. या माणसाबद्दल मला विशेष आदर आहे. शवविच्छेदनानंतर मेंदूचे लहान लहान भाग मिळवायचे, त्यांतले द्रव्य शुद्ध करायचे, आणि रासायनिक क्रियेने रंग आणून डोपामिन मोजायचे, असे हे किचकट काम. त्यांनी नंतर सांगितले आहे, की उपकरणावरचा आकडा वाचण्याची गरजच पडली नाही. निरोगी मेंदूच्या नमुन्यात गुलाबी रंग चढला आणि कंपवाताच्या मेंदूच्या नमुन्यात जेमतेम छटा आली. फरक नुसत्या डोळ्यांना दिसत होता. एर्हिंगर यांच्यासह हा निबंध त्यांनी १९६० च्या डिसेंबरात प्रसिद्ध केला. मेंदूच्या झिजेच्या एका आजारात नेमके अमुक रसायन, मेंदूच्या अमुक भागात कमी पडते, असे इतक्या स्पष्टपणे तोवर कोणी दाखवले नव्हते.

पुढची पायरी उघड होती. डोपामिन थेट देऊन उपयोग नाही, कारण ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. पण डोपा शिरतो, आणि आत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. हॉर्निकिएविझ यांनी लाइन्झ येथील मोठ्या वृद्धाश्रमात काम करणाऱ्या वाल्टर बिर्कमायर यांना गळ घातली. दोघांचे फारसे सख्य नव्हते, आणि मध्ये सुमारे आठ महिने गेले. अखेर १९६१ च्या जुलैत पहिली इंजेक्शने दिली गेली. अंथरुणात उठून बसू न शकणारे रुग्ण बसले, बसलेले उभे राहिले, उभे होते ते चालू लागले. पुटपुटणारा आवाज स्पष्ट झाला. काही तासांनी सगळे पुन्हा पहिल्यासारखे. जपान आणि कॅनडातही त्याच सुमारास असे प्रयत्न झाले.

पण तासा-दोन तासांच्या चमत्कारावर संसार चालत नाही. ओकाऱ्यांमुळे जास्त मात्रा देता येईना, आणि कमी मात्रेने भागेना. ही कोंडी फोडली अमेरिकेतील ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या जॉर्ज कॉट्झियास यांनी. त्यांनी तोंडावाटे अगदी थोड्यापासून सुरुवात केली आणि आठवडेच्या आठवडे मात्रा वाढवत नेली, दिवसाला थेट १६ ग्रॅमपर्यंत. १९६७ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि कंपवाताच्या उपचारांचे चित्रच बदलले. पुढे डोपाचे केवळ उपयोगी रूप, म्हणजे लेव्होडोपा, वापरात आले. त्याच्या जोडीला कार्बिडोपा आले. ते डोपाला मेंदूबाहेर वाया जाऊ देत नाही, त्यामुळे मात्रा पुष्कळ कमी झाली आणि ओकाऱ्याही. आज औषधाच्या कोणत्याही दुकानात मिळणारी कंपवाताची गोळी म्हणजे हीच जोडी.

२००० सालचे वैद्यकाचे नोबेल कार्लसन यांना इतर दोघांबरोबर मिळाले. हॉर्निकिएविझ यांचे नाव त्यात नव्हते. दोनशेहून अधिक शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून नाराजी कळवली. माझेही मत त्यांच्याच बाजूचे आहे. सशापासून माणसापर्यंतची उडी लहान नव्हती.

मुंबईतल्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये खाजकुइलीच्या बियांचे चूर्ण कंपवातावर वापरून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, हेही इथे सांगितले पाहिजे. उपयोग होतो, आणि व्हायलाच हवा, कारण बीमध्ये तोच लेव्होडोपा आहे. म्हणूनच ‘वनस्पतीचे आहे, अपाय नाही’ असे समजून कोणी गोळीच्या जोडीला आपल्या मनाने हे चूर्ण सुरू करू नये. एकच औषध दोन वाटांनी पोटात जाते, इतकाच त्याचा अर्थ होतो.

इथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील तलाठी होते. सातबारा लिहिण्यात आयुष्य गेलेले, अक्षर टपोरे, मोत्याच्या दाण्यांसारखे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या पत्रांतले अक्षर बारीक होऊ लागले. आंतरदेशीय पत्राची पहिली ओळ नेहमीसारखी असे, आणि खाली येता येता शेवटचे ‘अनेक आशीर्वाद’ मुंगीएवढे झालेले असे. हे कंपवाताचे ओळखीचे लक्षण आहे. निदान झाले, गोळी सुरू झाली, आणि दोन-अडीच महिन्यांनी आलेल्या पत्रात शेवटची ओळ पहिलीएवढी होती. ते पत्र मी वर्गात नेऊन मुलांना दाखवले होते.

पाच-सहा वर्षे बरी गेली. मग गोळीचा परिणाम आखडू लागला. आधी सहा तास पुरणारी गोळी तीन तासांत विरू लागली. असर असताना हातपाय नको तितके वळवळत, उतरला की माणूस खुर्चीत रुतलेला. घरातली सगळी कामे, अंघोळ, जेवण, देवपूजा, गोळीच्या घड्याळावर लागली. एकदा त्यांनी मला विचारले, “हे औषध आजार थांबवतं, की नुसतं निभावून नेतं?” मी म्हणालो, “निभावून नेतं. पेशी मरायच्या तशा मरतातच, आपण त्यांनी बनवायचं द्रव्य बाहेरून देतो.” ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “म्हणजे विहीर आटतेय आणि आपण टँकर आणतोय. मग विहीर का आटतेय, ते बघतंय का कोणी?”

१९७२ च्या दुष्काळात गावोगाव हिंडलेल्या तलाठ्याचा प्रश्न होता तो. आणि खरे सांगायचे तर त्या वेळी फार थोडे लोक ते बघत होते. लेव्होडोपाच्या यशाने एक स्वस्थता आली होती. कमी काय पडते ते कळले, ते देताही येते, मग आजार कळलाच की! कमी काय पडते आणि पेशी का मरते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर इतके झळझळीत होते की दुसरा त्याच्या आड गेला.

दुसऱ्या प्रश्नाची दारे उघडली तीही आडवाटेनेच. १९८२ च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात सॅन होजे येथील रुग्णालयात बेचाळीस वर्षांचा एक माणूस आला, तो पुतळ्यासारखा गोठलेला. आधी मानसिक आजार वाटला. मग असेच आणखी काही तरुण आसपास सापडले. विल्यम लँगस्टन या मेंदुविकारतज्ज्ञांनी ओळखले, की हा कंपवात आहे, पण या वयात आणि काही दिवसांत जडलेला! या सगळ्यांनी चोरबाजारातले कृत्रिम हेरॉइन टोचून घेतले होते. बनवणाऱ्याच्या निष्काळजीपणाने त्यात भलतेच रसायन तयार झाले होते : एमपीटीपी. हाच प्रकार १९७६ मध्ये एका रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याच्या बाबतीत घडला होता. त्याचा अहवाल १९७९ मध्ये छापलाही गेला होता, पण एका कमी वाचल्या जाणाऱ्या नियतकालिकात तो पडून राहिला.

एमपीटीपी करते काय? मेंदूत गेल्यावर तिथले एक विकर त्याचे विषात रूपांतर करते. हे विष डोपामिनसारखे दिसते, म्हणून डोपामिन परत आत ओढून घेणारे पेशींचे दार त्यालाही आत घेते. आत गेले की ते मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीची शक्ती निर्माण करणारी यंत्रणा, पहिल्याच टप्प्यावर बंद पाडते. काळ्या भागातल्या पेशी जणू विजेअभावी मरतात. प्रथमच नेमके सांगता आले, की अशा पेशी या मार्गाने मारता येतात. त्या विषाची रचना पॅराक्वाट या तणनाशकाशी मिळतीजुळती आहे, हेही लगेच ध्यानात आले. पॅराक्वाट आपल्या शेतकऱ्यांना अनोळखी नाही. कीटकनाशके, तणनाशके यांच्या सतत संपर्कात राहणाऱ्यांत कंपवाताचा धोका वाढलेला दिसतो, असे पुढे अनेक पाहण्यांत आढळले.

पण बहुतेक रुग्णांनी ना असले काही टोचून घेतलेले असते ना फवारलेले. त्यांच्या पेशी का मरतात? याचा एक दुवा दक्षिण इटलीतल्या काँतुर्सी या लहानशा गावी सापडला. अमेरिकेत न्यू जर्सीमधील डॉक्टरांकडे आलेल्या दोन रुग्णांची मुळे त्याच गावात निघाली. वंशावळी जोडत गेले, तर पिढ्यान्‌पिढ्या कंपवात असलेले एक प्रचंड कुटुंब पुढे आले, साठ रुग्णांचे. १९९७ मध्ये मिहाएल पॉलिमेरोपोलस आणि सहकाऱ्यांनी दोषी जनुक शोधून काढले. ते ज्या प्रथिनाची कृती सांगते त्याचे नाव अल्फा-सिन्यूक्लिन. १४० अमिनो आम्लांची ही माळ, आणि तिच्यातला त्रेपन्नावा मणी तेवढा बदललेला!

इतक्या विरळ कुटुंबाचा बाकीच्या रुग्णांशी काय संबंध, असे कोणी म्हणू शकले असते. पण त्याच वर्षी, सुमारे दोन महिन्यांनी, मारिया ग्राझिया स्पिलँतिनी आणि मिशेल गोएडर्ट यांनी सर्वसामान्य रुग्णांच्या मेंदूतील लेवीचे पिंड तपासले. त्यांत ठासून भरलेले होते तेच अल्फा-सिन्यूक्लिन. लेवींनी गोळे पाहिल्याला पंचाऐंशी वर्षे झाली होती. २००३ मध्ये आणखी एक कुटुंब मिळाले. त्यात प्रथिनात कसलाही बदल नव्हता. फक्त या जनुकाच्या जादा प्रती होत्या, म्हणजे प्रथिन जास्त बनत होते. तेवढेही आजाराला पुरले.

हे प्रथिन एरवी मज्जापेशींच्या टोकांशी सैल, सुट्टे वावरते. काही कारणाने त्याची घडी चुकते, चुकलेली माळ दुसरीला चिकटते आणि तिलाही तशीच चुकीची घडी घालते. दुधात चमचाभर विरजण पडावे तसे. पेशीचा कचरा उचलणारी यंत्रणा म्हातारपणी मंदावलेली असते, तिला हे आवरत नाही. दरम्यान, जपानमध्ये १९९८ साली तरुण वयातल्या कंपवाताचे पार्किन नावाचे जनुक सापडले, आणि २००४ मध्ये पिंक-वन हे दुसरे. दोघांचे काम एकच : निकामी झालेले मायटोकाँड्रिया ओळखून निकालात काढणे. कॅलिफोर्नियातल्या विषाचा धागा आणि जनुकांचा धागा असे एकाच जागी आले.

मग मेंदूतल्या अब्जावधी पेशी सोडून मुख्यत्वे याच का मरतात? यावर आज जे सांगितले जाते ते मला पटते. काळ्या भागातल्या एका पेशीचा तंतू फुटत फुटत स्ट्रायटममध्ये लाखो टोके तयार करतो. माणसात हा आकडा दहा लाखांवर जात असावा, असा अंदाज आहे. इतका पसारा एका पेशीने पोसायचा. शिवाय या पेशी हृदयासारख्या आपल्या तालावर अखंड चालू असतात, आणि ज्याची हाताळणी करायची ते डोपामिन स्वतःच हवेशी संयोग पावून विषारी होणारे. एकट्या कर्त्या माणसावर मोठे घर चालावे तशी ही स्थिती. कमाई थोडी कमी झाली, की आधी कोलमडतो तो तोच.

२००३ मध्ये हायको ब्राक या जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञांनी अनेक मेंदू तपासून मांडले, की आजार काळ्या भागात सुरूच होत नाही. पहिले गोळे दिसतात ते वासाच्या केंद्रात आणि मेंदूच्या देठाशी, पोटाकडे जाणाऱ्या व्हेगस मज्जातंतूच्या मुळाशी. तिथून ते वर चढतात. सगळ्या रुग्णांना हा नकाशा लागू पडत नाही, पण कंप सुरू होण्यापूर्वी कित्येक वर्षे वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत हातवारे करणे ही लक्षणे का दिसतात, ते यातून उमगते. आणि १९१२ मध्ये लेवींनी आपले गोळे पाहिले ते कुठे? व्हेगसच्या मुळाशीच. काळ्या भागात त्यांनी ते पाहिलेच नव्हते.

हे गोळे खरोखर एका पेशीतून दुसरीत पसरतात का? याचा धक्कादायक पुरावा २००८ मध्ये आला. काही रुग्णांच्या मेंदूत ११ ते १६ वर्षांपूर्वी गर्भातील कोवळ्या पेशींचे रोपण केले होते. त्यांच्या मृत्यूनंतर पाहिले, तर त्या तरुण पेशींपैकी काहींत लेवीचे पिंड होते. आजार शेजारच्या जुन्या पेशींकडून नव्यांकडे आला होता, असा त्याचा अर्थ बहुतेकांनी लावला.

तेव्हापासून सगळा रोख या प्रथिनावर आहे. पाठीतून काढलेल्या पाण्यात चुकीच्या घडीचे सिन्यूक्लिन आहे का, हे विरजणाच्याच तत्त्वावर तपासता येते. २०२३ मध्ये शेकडो रुग्णांवर ही चाचणी खरी उतरली. त्या प्रथिनाला पकडणारी प्रतिपिंडे मात्र २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षेला उतरली नाहीत. विहीर आटण्याचे थांबवते असे निर्विवाद सिद्ध झालेले एकही औषध अजून हाती नाही. टँकर तेवढे सुधारले आहेत.

२०२५ च्या एप्रिलमध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठातील चमूने सात रुग्णांची हकिगत प्रसिद्ध केली. प्रौढ माणसाच्या पेशींना पुन्हा बाल्यावस्थेत नेऊन, त्यांपासून डोपामिन बनवणाऱ्या पेशी घडवून त्या मेंदूत रोवल्या होत्या. दोन वर्षांनंतर त्या जिवंत होत्या, डोपामिन बनवत होत्या, आणि काही रुग्णांची हालचाल सुधारली होती. २००८ च्या शवविच्छेदनांत दिसलेले गोळे या नव्या पेशींतही येतील का, हे कळायला आणखी दहा-पंधरा वर्षे जावी लागतील.